दोर्दोन्य-वेझेरच्या खोऱ्यात रोड सायकलवरून: गुहा, किल्ले आणि छोटे रस्ते, पूर्ण प्लॅन कसा करायचा

फ्रान्समध्ये सायकलिंग म्हटलं की आपल्याकडे लगेच आल्प्सचे घाट नाहीतर लुआर नदीकाठचे राजवाडे, एवढंच डोळ्यासमोर येतं. पण रोड बाइक चालवायला आवडतं आणि इतिहासही जवळून बघायचाय अशा माणसाने नैऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर भागात जावं असं माझं स्पष्ट मत आहे. दोर्दोन्य आणि तिला मिळणारी वेझेर या दोन नद्यांच्या खोऱ्यात, सायकलने अर्ध्या-पाऊण तासाच्या टप्प्यांवर, हिमयुगातल्या माणसाची चित्रं, बाराव्या शतकातले मठ, शंभर वर्षांच्या युद्धातले (चौदाव्या-पंधराव्या शतकातलं इंग्लंड-फ्रान्स युद्ध) किल्ले आणि इंग्रज-फ्रेंच राजांनी आखून वसवलेली गावं असं सगळं आहे, आणि मधले रस्ते म्हणजे अक्रोडाच्या बागा, ओकचं जंगल, पिवळसर दगडाची घरं. ट्रॅफिक, काही ठराविक रस्ते सोडले तर, फारच कमी.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण बाकीचा सगळा लेख त्यावरच उभा आहे. इथला रूट किलोमीटर मोजून आखायचा नाही. आधी गुहांची तिकिटं, मग जेवायच्या आणि दुकानं बंद असायच्या वेळा, आणि मग त्याच्या भोवती सायकलिंग. ऐंशी-शंभर किलोमीटरचे दिवस लावले तर सगळं फक्त बाहेरून दिसतं. दिवसाला ४० ते ६५ पुरे.

(गावांची नावं मी उच्चाराच्या जवळ जाईल अशी लिहिलीत, स्पेलिंग बरीच वेगळी असतात, त्यामुळे वाचताना मॅप उघडा ठेवा आणि लगेच पिन टाकत चला.)

पहिलं काम: कधी जायचं आणि तिकिटं

मे मधला दुसरा पंधरवडा, जून आणि सप्टेंबर, हे तीन महिने. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि नदीकाठचा रस्ता कॅम्पर व्हॅन आणि गाड्यांनी भरलेला असतो, त्यात सायकल चालवण्यात मजा नाही. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो हा मोठा फायदा. मे च्या सुरुवातीलाच जाणार असाल तर १ मे आणि ८ मे या सुट्ट्या बघून घ्या, १ मे ला तर जवळपास सगळं बंद असतं. सप्टेंबरपासून शिकारीचा सीझन सुरू होतो, जंगलाच्या रस्त्याकडेला शिकार चालू असल्याचा बोर्ड दिसला की भडक रंगाचं जॅकेट घाला आणि आतल्या पायवाटांवर जाऊ नका.

तारखा ठरल्या की सगळ्यात आधी फों-द-गोम गुहेचं तिकीट. लेझेझी गावाबाहेरच्या या गुहेत मूळ रंगीत चित्रं आहेत, बायसन, घोडे, रेनडिअर, आणि ती आजही लोकांना बघू देतात, पण दिवसाला अगदी मोजक्या लोकांना आणि छोट्या गटातच. लास्को या प्रसिद्ध चित्रगुहेचं काय झालं ते माहीत असेल तर हा कडकपणा पटतो. १२ सप्टेंबर १९४० ला मोंतिन्याकजवळ काही पोरांना ती गुहा सापडली, १९४८ पासून लोकांना खुली केली, आणि माणसांच्या श्वासामुळे, उष्णतेमुळे, दिव्यांमुळे भिंतींवर शेवाळ आणि क्षारांचे थर चढायला लागले म्हणून १९६३ मध्ये बंद करावी लागली. आज आपण बघतो ती प्रतिकृती, पहिली १९८३ ची आणि संपूर्ण गुहेची मोठी प्रतिकृती डिसेंबर २०१६ मध्ये उघडलेली, जिला लास्को ४ म्हणतात. प्रतिकृती म्हणून टाळू नका, काम फार बारकाईने केलंय. पण मूळ चित्रासमोर उभं राहणं ही वेगळीच गोष्ट आहे, म्हणून फों-द-गोमची तारीख मिळेल त्याप्रमाणे बाकीचे दिवस पुढेमागे करा. नाहीच मिळालं तर जवळची रुफिन्याक गुहा आहे, तिथे छोट्या इलेक्ट्रिक ट्रेनने आत नेतात आणि मॅमथची चित्रं भरपूर आहेत, तीही मूळ.

दुसरं काम: व्हिसा, इन्शुरन्स, सायकल

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट लवकर संपतात म्हणून दोन-तीन महिने आधी तरी उरकून घ्या. ३० हजार युरोचं मेडिकल कव्हर लागतंच, पण पॉलिसीत सायकलिंग कव्हर होतं का ते शब्दशः वाचा, काही पॉलिसी त्याला स्पोर्ट म्हणून बाहेर ठेवतात.

स्वतःची सायकल न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची? आठवड्याचीच ट्रिप असेल तर मी भाड्याने घ्या म्हणेन. बॉक्सची ने-आण, एअरलाइनचे पैसे, परत येईपर्यंत रिकामा बॉक्स कुठे ठेवायचा, हे सगळं डोक्याला ताप. फक्त स्वतःचे पेडल आणि सॅडल जमलं तर सोबत न्या. आणि भाड्याच्या सायकलवर बसण्याआधी एक चेक नक्की करा: तिथे सहसा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आपल्याकडे बऱ्याच सायकलींना तो उजवीकडे असतो, पहिल्याच उतारावर गोंधळ नको म्हणून रिकाम्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं फिरवून हाताला सवय लावा.

स्वतःचीच नेणार असाल तर डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) एक्स्ट्रा घ्या, गावात तो मिळणार नाही. टायरमध्ये हवा भरायच्या सीओटू काडतुसांबद्दल एअरलाइनचे नियम वेगवेगळे आहेत, त्यापेक्षा छोटा हातपंप बरा.

गिअरिंगबद्दल: इथे मोठे घाट नाहीत, पण नदीपासून वरच्या गावापर्यंत छोटे तीव्र चढ दिवसातून चार-पाच वेळा येतात. पुढे कॉम्पॅक्ट ५०/३४ (पेडलपाशी ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या) आणि मागे सगळ्यात मोठी चकती निदान ३२ दातांची असलेला कॅसेट असू द्या, सामान लावणार असाल तर ३४. टायर २८ मिमी किंवा जाड. उन्हाळ्यात तिथे रस्ते दुरुस्त करताना डांबरावर बारीक खडी टाकून सोडतात, तसा बोर्ड दिसला की वळणावर स्पीड कमी करायचा. पुण्या-मुंबईकडचे लोक सिंहगड करत असतील तर फिटनेसची काळजी नको, पण तयारीला एक सलग मोठा चढ करण्यापेक्षा छोटे चढ पुन्हा पुन्हा करा, शरीराला तीच सवय लागते.

शूज! हा मुद्दा लोक विसरतात. रोडचे मोठे प्लास्टिक क्लीट (पेडलमध्ये अडकणारा बुटाच्या तळाचा तुकडा) घालून किल्ल्याच्या दगडी पायऱ्या आणि फरशीच्या गल्ल्या चढणं म्हणजे पाय घसरायला आमंत्रण. माउंटन बाइकसारखे क्लीट आत बसलेले शूज घ्या, म्हणजे चालता येतं. आणि गुहेत वर्षभर साधारण १३ अंश तापमान असतं, घामाने ओली जर्सी घालून चाळीस मिनिटं उभं राहिलं की हुडहुडी भरते, त्यामुळे पातळ जॅकेट आणि एक कोरडा टीशर्ट बॅगेत हवाच.

तिथे पोचणं

पॅरिसहून बोर्दोपर्यंत टीजीव्ही या वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आसपास. सायकल असेल तर चाकं काढून १३० बाय ९० सेंमीच्या बॅगेत भरावी लागते, काही टीजीव्हीत अख्खी सायकल न्यायची जागा असते पण ती तिकिटाबरोबरच बुक करावी लागते. बोर्दोपासून पुढे टीईआर नावाची लोकल प्रकारची गाडी बर्जराकवरून सार्लापर्यंत जाते, तिच्यात सायकल फुकट, फक्त जागा कमी असते म्हणून शनिवार-रविवारची गर्दी टाळा. जाताना बर्जराकला उतरायचं आणि येताना सार्लाहून बसायचं, म्हणजे एकच रस्ता दोनदा करावा लागत नाही.

रस्त्यावरचे नियम, हे नीट वाचा

उजवीकडून चालवायचं हे सगळ्यांना माहीत असतं, चूक होते ती सकाळी निघताना आणि रिकाम्या रस्त्यावरून वळताना, मन आपोआप डावीकडे जातं. पहिले दोन दिवस स्टेमवर (हँडलला सायकलशी जोडणारा दांडा) उजव्या बाजूचा बाण काढलेली चिकटपट्टी लावा, खूप उपयोग होतो.

दुसरं म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य. गावात एखाद्या चौकात कुठलाच बोर्ड किंवा रेषा नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणारी गाडी थांबणार नाही, आणि कायद्याने ती बरोबर असते. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात म्हणून तुमचा हक्क, असं तिथे चालत नाही. पिवळ्या चौकोनाचा (टोकावर उभा) बोर्ड दिसला तर त्या रस्त्यावर प्राधान्य तुमचं, त्याच बोर्डावर काळी रेघ मारलेली दिसली की ते संपलं. राउंडअबाउटला उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरायचं, आणि सहसा आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं.

कानात इअरफोन घालून सायकल चालवणं बेकायदेशीर आहे, दंड १३५ युरो. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं, पुढे-मागे लाइट आणि घंटी हवीच. गावाबाहेर गाडीवाल्यांनी दीड मीटर अंतर ठेवून ओव्हरटेक करायचं असा नियम आहे आणि बहुतेक जण तो पाळतात, मागे शांतपणे थांबून राहतात. अशा वेळी बाजूला होऊन हात दाखवला तर त्यांनाही बरं वाटतं.

रस्ता निवडताना पेपर मॅपवर पांढरे आणि पिवळे रस्ते बघा, लाल टाळा. कडेला हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य रस्ता. कोमूट किंवा स्ट्राव्हा या अ‍ॅपवर रूट बनवताना रोड बाइक निवडा, नाहीतर ते तुम्हाला अक्रोडाच्या बागेतल्या मातीच्या वाटेवर नेऊन सोडतं.

पोटाचं काय

खेड्यातली दुकानं दुपारी साडेबारा ते अडीच-तीन बंद. रेस्टॉरंटमध्ये जेवण बारा ते दोन, त्यानंतर किचन बंद म्हणजे बंद, विनंती करून काही होत नाही. रविवार दुपार आणि सोमवार बरंच बंद. म्हणून सकाळी साडेआठला बेकरीतून ब्रेड, चीज, फळं घेऊनच निघायचं हा नियम करा.

शाकाहारी लोकांसाठी हा भाग खरंच अवघड आहे, लपवून उपयोग नाही. बदक हा इथला मुख्य पदार्थ. साधी बटाट्याची भाजी वाटणारी सार्लाची बटाट्याची डिश बदकाच्या चरबीत परतलेली असते, आणि पेरिगोरच्या नावाचं सॅलड मागवलं तर त्यात बदकाची गिझर्ड आणि लिव्हर येतं. सॅलड मागताना मांस नको, मासे नको, बदकाची चरबी नको, हे तिन्ही फ्रेंचमध्ये लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. ऑम्लेट, काबेकू नावाचं बकरीच्या दुधाचं छोटं चीज, अक्रोड, जूनमध्ये स्ट्रॉबेरी, बाजारातले टोमॅटो-पीच यावर मस्त निभतं. किचन असलेली राहायची जागा घेतली तर प्रश्नच मिटतो. घरून खाकरा, चिक्की, शेंगदाण्याचे लाडू न्या, पण पेढे-बर्फी, तूप, पनीर नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पाणी संपलं आणि गावात सगळं बंद असेल तर दफनभूमी शोधा, गेटजवळ बहुतेक वेळा नळ असतो. पिण्यायोग्य नाही असा बोर्ड नसेल तर बाटली भरा. आणि दुकानात, बेकरीत, कुठेही शिरताना पहिला शब्द बोंजूर. तो न म्हणता थेट मागायला गेलं की समोरचा माणूस थंड पडतो, म्हटलं की तोच माणूस तुमची बाटलीसुद्धा भरून देतो.

आता रूट

बर्जराकहून पहिला दिवस सोपा ठेवा. लालँदपर्यंत कालव्याच्या बाजूने सपाट जाता येतं, हा कालवा १९व्या शतकात नदीतले धोकादायक खळाळ टाळून मालाच्या बोटी नेण्यासाठी काढला. पुढे त्रेमोलाजवळ दोर्दोन्य एवढं मोठं वळण घेते की वरच्या व्ह्यू पॉइंटवरून नदी जवळजवळ स्वतःला परत मिळताना दिसते, त्यासाठी एक चढ आहे, चढाच. मुक्काम लिमयला. इथे वेझेर दोर्दोन्यला मिळते आणि दोन्ही नद्यांवरचे पूल काटकोनात एकमेकांना भेटतात. सगळं मिळून ४५ च्या आसपास.

दुसऱ्या दिवशी सामान तिथेच ठेवून दक्षिणेकडे लूप: कादुअँ, मोंपाझिए आणि परत, साधारण ६५ किमी, सतत चढउतार, जंगलाचा रस्ता. कादुअँचा मठ १११५ चा. इथलं एक वस्त्र कित्येक शतकं येशूच्या मस्तकावर गुंडाळलेलं कापड म्हणून पूजलं गेलं, राजेरजवाडे दर्शनाला आले, आणि १९३४ मध्ये अभ्यासात निघालं की त्याच्या काठावरची नक्षी म्हणजे कूफी लिपीतली अरबी अक्षरं आहेत, कापड फातिमी या मुस्लिम राजवटीच्या काळातलं इजिप्तचं. यात्रा लगेच बंद झाली. ते कापड ज्या मठात पूजलं गेलं त्याचा कोरीव दगडी ओवऱ्यांचा चौक बघायला निदान एक तास द्या. मोंपाझिए हे बास्तीद, म्हणजे आखून वसवलेलं गाव. तेराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या सत्तेत वसवलं, काटकोनातले रस्ते, मधे चौक, चौकाभोवती कमानी, आणि हे सगळं आजही जसंच्या तसं. दुपारचं जेवण इथे, बाराला पोचा.

तिसरा दिवस मुद्दाम छोटा, लिमय ते लेझेझी २० किमीच्या आत. सकाळी लवकर पोचा, सायकल आणि सामान मुक्कामाच्या जागी टाका आणि मग फों-द-गोम. तिकीट खिडकीपासून गुहेच्या तोंडापर्यंत चढून चालत जावं लागतं, वेळेच्या आधी पोचायलाच हवं, उशीर झाला तर गट थांबत नाही. दुपारनंतर राष्ट्रीय प्रागैतिहासिक संग्रहालय. याच गावात १८६८ मध्ये रेल्वेच्या कामाच्या वेळी क्रो-मान्यों माणसाचे, म्हणजे हिमयुगातल्या आपल्यासारख्याच माणसाचे, सांगाडे सापडले.

चौथा दिवस माझ्या सगळ्यात आवडीचा. वेझेरच्या काठाने डी ७०६ नंबरचा रस्ता पकडून त्युर्साक, मग ला रोक सँ-क्रिस्तोफ: जवळजवळ एक किलोमीटर लांब आणि ८० मीटर उंच कडा, त्यात माणसाने हजारो वर्षं वस्ती केली, कड्यात खाचा, चुली, दगडात कोरलेल्या रिंगा अजून दिसतात. समोरच ल मुस्तिए, ज्याच्यावरून निअँडरथल माणसाच्या हत्यारांच्या पद्धतीला नाव मिळालं. मग सँ-लेओं, नदीकाठचं रोमनेस्क (गोल कमानींच्या जुन्या शैलीतलं) चर्च, सावलीत डबा खायला याहून चांगली जागा नाही. तिथून पूल ओलांडून सेर्जाकच्या बाजूचा छोटा रस्ता घ्या, ट्रॅफिक अगदी नाही. मोंतिन्याकला पोचून दुपारचं लास्को ४ चं तिकीट. एकूण २५-३० किमीच होतात, तरी दिवस पूर्ण भरतो.

पाचवा: मोंतिन्याक ते सार्ला. थेट डी ७०४ ने जाऊ नका, ट्रक आणि वेगाच्या गाड्या. पूर्वेकडून सँ-तामां-द-कोलीवरून जा, तिथलं चर्च किल्ल्यासारखं बांधलंय, वस्ती मूठभर आणि भिंती एवढ्या उंच की मान मागे टाकावी लागते. साधारण ४० किमी, चढ बरेच. सार्लाला बाजार बुधवार आणि शनिवार सकाळी, जमलं तर मुक्काम त्या हिशोबाने लावा. जुनं गाव एवढं सांभाळलेलं दिसतं त्याचं कारण १९६२ चा मालरो कायदा, जुनी शहरं अख्खी जपायची म्हणून फ्रान्सने केलेला, आणि सार्ला त्यातल्या अगदी पहिल्या गावांपैकी.

सहावा दिवस किल्ल्यांचा, ५० किमीचा लूप, आणि इथे सकाळी आठच्या आत निघणं फार गरजेचं. सार्लाजवळून जुन्या रेल्वेलाइनवर केलेला सायकल ट्रॅक कार्साकपर्यंत घ्या, मग मोंफोरच्या वळणावरून सेनाक आणि वर दोम. दोमचा चढ २०१७ च्या तूर द फ्रान्स सायकल शर्यतीत होता, पेरिग्यू ते बर्जराक स्टेजवर, ती स्टेज जर्मन सायकलपटू मार्सेल किटेलने जिंकली. तुम्ही आरामात चढा. १२८१ मध्ये फ्रान्सच्या तिसऱ्या फिलिपने वसवलेलं हे गाव, वेशीच्या बुरुजात कैद केलेल्या टेम्पलर या ख्रिस्ती योद्ध्यांच्या पंथातल्या लोकांनी भिंतीवर कोरलेल्या खुणा आहेत असं मानतात. बुरुजाचा आतला भाग बघायचा तर गावातल्या पर्यटन ऑफिसात विचारा.

खाली उतरून ला रोक-गाजाक. पाठीशी कडा, तोंड दक्षिणेला, ऊन एवढं साठतं की फ्रान्सच्या या भागात केळी आणि ताडाची झाडं वाढतात. वर बघितलं की कड्याचं वजन जाणवतं, १९५७ मध्ये त्याचा मोठा भाग गावावर कोसळला होता. पुढे समोरासमोरचे दोन किल्ले: उजव्या तीरावर बेनाक, डाव्या तीरावर कास्तेलनो. शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रेंच बाजूला आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे, मधे फक्त नदी. दोन्ही आतून बघायला वेळ पुरत नाही. हत्यारं, गोफणयंत्रं यात रस असेल तर कास्तेलनो, त्याचं मध्ययुगीन युद्धकलेचं संग्रहालय उत्तम आहे. नुसता किल्ला आणि नदीवरचं दृश्य हवं तर बेनाक. मला विचाराल तर बेनाक.

कास्तेलनोपासून थोडं पुढे मिलांदचा वाडा, इथे जोसेफिन बेकर राहायची, अमेरिकेत जन्मलेली कृष्णवर्णीय नर्तिका-गायिका. दुसऱ्या महायुद्धात तिने जर्मनांविरुद्धच्या फ्रेंच रेझिस्टन्स या गुप्त चळवळीसाठी हेरगिरी केली आणि युद्धानंतर याच वाड्यात वेगवेगळ्या देशांतली मुलं दत्तक घेऊन वाढवली. २०२१ मध्ये तिला पॅरिसच्या पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकात मानाचं स्थान मिळालं. पाय दमले असले तरी हा फाटा सोडू नका.

बेनाक गावातून जाणारा डी ७०३ कडा आणि नदी यांच्यामध्ये चिंचोळा आहे, दुपारी तिथे गाड्या अडकतात, म्हणून तो तुकडा शक्यतो बारा ते दोनमध्ये, सगळे जेवायला बसलेले असताना पार करा.

राहणं, कुलूप, परतीची गाडी

राहायला आक्कय व्हेलो असा मार्क असलेल्या जागा शोधा, तिथे सायकलसाठी बंद खोली, हत्यारं, कपडे धुवायची सोय असते, काही जण पुढच्या मुक्कामी सामान पोचवायचीही व्यवस्था लावून देतात. किल्ल्यांपाशी सायकल लावताना मात्र चांगलं कुलूप हवं, जीपीएस आणि बॅग काढून सोबत घ्या, पण मोठी बॅग गुहेत नेता येत नाही हेही लक्षात ठेवा, म्हणून छोटी हँडलबार बॅग बेस्ट. इमर्जन्सीला ११२.

हातात दोन दिवस जास्त असतील तर सार्लाहून जुन्या रेल्वेलाइनवरचा तोच सायकल ट्रॅक काझुलेसपर्यंत जातो, तिथून सुयाक जवळ, आणि एका दिवसात कड्याला लटकलेलं रोकामादूरचं तीर्थक्षेत्र गाठता येतं. सुयाकला पॅरिस-तुलूज लाइनवरची गाडी थांबते, तिच्यात अख्खी सायकल न्यायची तर सीटबरोबर सायकलचं रिझर्व्हेशन करा, आणि त्या लाइनवर दुरुस्तीची कामं बऱ्याचदा चालू असतात म्हणून तुमच्या नेमक्या तारखेची गाडी आहे का ते बघूनच हॉटेल बुक करा. सार्लाहूनच परत फिरणार असाल तर स्टेशन गावाच्या दक्षिणेला चढावर आहे, सामानासह वीस मिनिटं जास्तीची धरा.